बॉक्स स्कोर (सामन्याच्या आकड्यांचा तक्ता) बघून सामनावीर ठरवता येतो का? (क्लीव्हलँड ९३, गोल्डन स्टेट ८९)

भाट्येकर
आपल्याकडे रत्नागिरी-चिपळूण पट्ट्यातल्या बास्केटबॉल स्पर्धांत सामनावीराचा चषक बहुतेक वेळा सर्वाधिक गुण करणाऱ्याला जातो. गुणलेखकाच्या टेबलावर गुण आणि फाउल यापलीकडे नोंदच नसते, मग दुसरं बघणार काय? ही पद्धत बदलायला हवी. उदाहरणासाठी अमेरिकेतल्या एनबीए लीगचा एकच सामना घेऊ: १९ जून २०१६, ओकलंड, अंतिम मालिकेचा सातवा सामना.

ड्रेमंड ग्रीन (गोल्डन स्टेट): ३२ गुण, १५ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर मिळवलेला चेंडू), ९ असिस्ट (ज्या पासवर लगेच बास्केट झालं), शॉट १५पैकी ११, त्यात थ्री (रेषेबाहेरून मारलेले तीन गुणांचे शॉट) ८पैकी ६. सामन्यातले सर्वाधिक गुण त्याचेच, आणि संघ हरला. लेब्रॉन जेम्स (क्लीव्हलँड): २७ गुण, ११ रिबाउंड, ११ असिस्ट, शॉट मात्र २४पैकी ९. केव्हिन लव्ह (क्लीव्हलँड): ९ गुण, शॉट ९पैकी ३, रिबाउंड १४, प्लस-मायनस +१९.

प्लस-मायनस म्हणजे खेळाडू मैदानात असताना आपल्या संघाने केलेले गुण वजा समोरच्याने केलेले. लव्ह साधारण ३० मिनिटं खेळला. क्लीव्हलँड एकूण ४ने जिंकलं, म्हणजे तो बाकावर असतानाच्या १८ मिनिटांत संघ १५ने मागे पडला. आपल्या पद्धतीत या माणसाचं नावसुद्धा कोणी घेणार नाही.

वाशिष्ठीकाठ
साफ असहमत. एका सामन्याचं प्लस-मायनस पाच जणांचं मिळून असतं. जेम्स ४७ मिनिटं मैदानात होता आणि त्याचं +४. संघाचंच अंतर ४ असेल तर जवळजवळ पूर्ण सामना खेळणाऱ्याचा आकडा त्यापासून लांब जाणार कुठे? उद्या लव्ह जेम्सच्या पाचपट भारी असं म्हणणार का? लव्हच्या जागी कोण आलं, तेव्हा समोर कोणते पाच होते, त्यांचे थ्री नेमके त्याच मिनिटांत पडले का, हे सगळं त्या १९मध्ये मिसळलेलं आहे. हंगामाचे ८२ सामने एकत्र करून, सोबतच्यांचा आणि समोरच्यांचा परिणाम वजा केला तर त्या आकड्याला अर्थ येतो. आपल्या स्पर्धेत संघ चार-पाच सामने खेळतो.

चषकासाठी शॉटची कार्यक्षमता बघा. सूत्र: गुण ÷ [२ × (शॉट + ०.४४ × फ्री थ्रो)]. शॉट आणि फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा एका गुणाचा मोकळा शॉट) दोन्ही मारलेले सगळे धरायचे, फक्त पडलेले नाहीत. दोन फ्री थ्रो मिळून एक संधी, म्हणजे खरं तर ०.५ हवं, पण बास्केट होऊन वर मिळालेला एक फ्री थ्रो किंवा टेक्निकल फाउलचा फ्री थ्रो नवी संधी खात नाही, म्हणून ०.४४. या हिशेबात ग्रीन ९५.५ टक्के (फ्री थ्रो ४पैकी ४). स्टेफ करीने १९ शॉटमध्ये १७ गुण केले, ४३.७ टक्के. क्ले थॉम्पसन १७ शॉटमध्ये १४, ४१.२ टक्के. ग्रीन सोडला तर गोल्डन स्टेटचे थ्री ३३पैकी ९. बाकीच्यांची नेम चुकली म्हणून ग्रीनचा खेळ कमी कसा ठरतो?

आणि हरलेल्या बाजूचा माणूस मानकरी ठरल्याचा दाखला आहे. १९६९च्या अंतिम मालिकेत बोस्टनने लेकर्सना सातव्या सामन्यात १०८-१०६ हरवलं. लेकर्सच्या जेरी वेस्टचे त्या सामन्यात ४२ गुण, १३ रिबाउंड, १२ असिस्ट. मालिकावीर वेस्टच.

मालवणचो
वाशिष्ठीकाठ, गणित माका पटला. पण कबड्डीत कोपरो बगा. चढाईवालो ज्या कोपऱ्याच्या वाटेक जाणाच टाळता, तेच्या खात्यार पकडीचे गुण शून्य. म्हणान तेना कायच करूक नाय असा म्हणतलास?

भाट्येकर
अगदी हेच म्हणायचं आहे. शेवटची पाच मिनिटं घ्या. थॉम्पसनच्या बास्केटने ८९-८९ झाले तेव्हा ४ मिनिटं ३९ सेकंद बाकी होती. मग जवळपास पावणेचार मिनिटं एकही गुण नाही. मध्येच गोल्डन स्टेटचा आंद्रे इग्वोडाला ले-अपला (रिंगजवळ जाऊन मारायच्या शॉटला) गेला. क्लीव्हलँडचा जे. आर. स्मिथ समोर आला म्हणून त्याला हवेत चेंडू खाली-वर करावा लागला, तेवढ्या उशिरात जेम्सने मागून येऊन चेंडू बोर्डावर दाबला. तक्त्यात जेम्सला एक ब्लॉक, स्मिथला काहीच नाही. ५३ सेकंद असताना क्लीव्हलँडच्या कायरी आयर्विंगचा थ्री, ९२-८९. पुढच्याच चढाईत स्विच (बचाव करणाऱ्यांची अदलाबदल) होऊन करीसमोर लव्ह आला. गोल्डन स्टेटला नेमकी हीच जोडी हवी होती. करीने डावीउजवीकडे ड्रिबल करून लव्हला हलवायचा प्रयत्न केला, लव्ह हात वर ठेवून चिकटून राहिला, शॉट चुकला. तक्त्यात करीचा एक हुकलेला थ्री. लव्हचं नाव त्या ओळीत कुठेच नाही. ती नोंद फक्त प्लस-मायनसमध्ये उमटते.

देवगडकर
दोघेही व्यक्तींवर अडकलात, संघाची बेरीज कोणी केलीच नाही.

क्लीव्हलँड: शॉट ८२पैकी ३३, थ्री २५पैकी ६, फ्री थ्रो २५पैकी २१.
गोल्डन स्टेट: शॉट ८३पैकी ३२, थ्री ४१पैकी १५, फ्री थ्रो १३पैकी १०.

थ्रीमध्ये गोल्डन स्टेट ९ बास्केटने, म्हणजे २७ गुणांनी पुढे. आतल्या दोन गुणांच्या शॉटमध्ये क्लीव्हलँड ५७पैकी २७, गोल्डन स्टेट ४२पैकी १७. तिथे क्लीव्हलँड २० गुणांनी पुढे, फ्री थ्रोमध्ये आणखी ११ने. ३१ वजा २७, बरोबर ४.

आता वाशिष्ठीकाठांचंच सूत्र संघाला लावा: क्लीव्हलँड ५०.० टक्के, गोल्डन स्टेट ५०.२. नेमबाजीत फरकच नाही! फरक संधींचा: सूत्रातला कंस क्लीव्हलँडसाठी ९३ येतो, गोल्डन स्टेटसाठी ८८.७. रिबाउंड ४८ विरुद्ध ३९. जादा संधी येण्याचा हाच मोठा मार्ग, आणि ४८पैकी १४ लव्हचे. प्लस-मायनसशिवायही लव्हपर्यंत पोचता येतं.

वाशिष्ठीकाठ
हे मान्य. पण मग जेम्सलाही न्याय द्या. २४पैकी ९ वाईट दिसतं, पण क्लीव्हलँडच्या २५ फ्री थ्रोंपैकी १० त्याचे, ८ पडले. ४७.५ टक्के, चांगले नाहीत, तरी करीपेक्षा बरे, आणि वर ११ असिस्ट. एका सामन्यापुरतं प्लस-मायनस मी तरीही बाजूलाच ठेवेन.

गुणलेखक_अलिबाग
कोणतंही सूत्र लावा, नोंद चुकली तर सगळं फुकट. जिल्हा पातळीवर दोन माणसं पुरतात. एकजण फक्त बोलतो, कागदाकडे बघत नाही: "सात, थ्री, हुकला; बारा, डिफेन्स रिबाउंड." दुसरा फक्त लिहितो. एकट्याने दोन्ही केलं की लिहिताना मान खाली जाते आणि रिबाउंड निसटतात.

हमखास होणारी चूक: फाउल होऊन हुकलेला शॉट शॉटमध्ये धरतात. तो धरायचा नाही, फक्त फ्री थ्रो लिहायचे. यात आत घुसणाऱ्या खेळाडूचीच टक्केवारी विनाकारण पडते. ऑफेन्स (आपल्याच हुकलेल्या शॉटचा) आणि डिफेन्स (समोरच्यांच्या) रिबाउंडचे रकाने वेगळे हवेत, नाहीतर देवगडकरांचा संधींचा हिशेब जमणार नाही. पडताळा असा: शॉट − ऑफेन्स रिबाउंड + टर्नओव्हर (शॉट न मारताच गमावलेला चेंडू) + ०.४४ × फ्री थ्रो. हा आकडा दोन्ही संघांचा जवळपास सारखाच यायला हवा, कारण चेंडू आलटूनपालटून मिळतो. पाच-सहाचा फरक दिसला तर बहुधा टर्नओव्हर लिहायचे राहिलेत.

प्लस-मायनस हवंच असेल तर प्रत्येक बदलीला समासात गुणफलक लिहा, बाकीची वजाबाकी सामन्यानंतर. फ्री थ्रो चालू असताना बदली झाली तर ते गुण कोणत्या पाचांच्या खात्यात, हे आधीच ठरवून ठेवा.

आणखी एक. किनाऱ्यालगतच्या उघड्या सिमेंटच्या मैदानांवर दुपारनंतर खारा वारा सुटतो आणि लांबून मारलेला चेंडू हलतो. मध्यंतरानंतर संघ रिंग बदलतात, म्हणून दोन्ही सत्रांचे थ्री वेगळे लिहा. एका सत्रात ८पैकी १ आणि दुसऱ्यात ८पैकी ४ असं दोन्ही संघांचं दिसलं, तर खेळाडूला नावं ठेवण्याआधी तो कोणत्या रिंगवर मारत होता ते बघा.

भाट्येकर
सत्रांचा रकाना घेतला. समासात गुणफलकही लिहायला लावणार, वाशिष्ठीकाठ. पाच सामन्यांची बेरीज करून स्पर्धावीरासाठी वापरू, एका सामन्याच्या चषकासाठी नाही. चालेल?

वाशिष्ठीकाठ
पाच सामनेही कमीच. पण शेजारी प्रत्येकाची मिनिटं लिहिणार असाल तर विरोध नाही.