पश्चिम घाटाचे सहा मसुदे आणि आपली गावं : तुमचे अनुभव लिहा

३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमध्ये डोंगर खाली आला. दुसऱ्याच दिवसाची, ३१ जुलैची, तारीख घालून केंद्राने पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा, म्हणजे घाटातली कुठली गावं राखायची आणि तिथे कशावर बंदी घालायची याच्या अधिसूचनेचा, मसुदा काढला. तो सहावा. पहिला २०१४ चा, आणि घाट कसा राखायचा हे सांगणारा माधव गाडगीळ समितीचा अहवाल तर २०११ चा! मसुद्याची मुदत संपते, नवा मसुदा येतो, राज्यं गावं वगळायला सांगतात. तेवढ्या काळात दरडी कोसळून माळीण झालं, तळिये झालं, इर्शाळवाडी झाली. माझा राग आता कुठल्या एका पक्षावर राहिलेला नाही, या काळात सगळेच सत्तेत बसून गेले. घाटात किंवा पायथ्याला राहणाऱ्यांनी डोळ्यांदेखत घडलेलं लिहा. पेपरातलं नको.

दोडामार्गहून
सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात उच्च न्यायालयाने २०१३ साली वृक्षतोडीला बंदी घातली. आमच्या वरच्या डोंगरावर तरीही रात्रभर कटर चालायचे. ऐन, किंजळ, सगळं साफ, तिथे रबर लागलं. मी लेखी तक्रार दिली, पोहोच घेतली. अकराव्या दिवशी पंचनाम्याला माणसं आली, तोवर बुंधे जेसीबीने उपटून झाले होते. पंचनाम्यात काय लिहिलं? 'तोड आढळून आली नाही.' मी सही केली नाही. तो कागद अजून जपून ठेवलाय.

चिपळूण
२२ जुलै २०२१. दुकानात माळ्यापर्यंत पाणी. पाणी उतरलं, पण गुडघाभर लाल चिखल राहिला. ती वरच्या डोंगरांची माती होती. नदीतला गाळ काढा म्हणून आम्ही उपोषणाला बसलो, गाळ काढलाही. डोंगर कापायचे थांबवा म्हटलं की मात्र सगळे गप्प.

आंबेगाव तालुका, शिक्षिका
माळीण आमच्यापासून फार लांब नाही. दीडशेवर माणसं गेली, त्यात माझ्या ओळखीची होती. आता दर जूनला वाडीत नोटीस लागते, 'धोकादायक ठिकाण, स्थलांतर करावे.' कुठे करावे, ते नसतं. मोठा पाऊस लागला की पोरं वर्गात पुस्तकाकडे नाही, खिडकीतून डोंगराकडे बघतात.

राधानगरीकडचा शेतकरी
माझं थोडं उलटं आहे. संवेदनशील क्षेत्र झालं तर घर बांधता येणार नाही, शेळ्या चारता येणार नाहीत, असं गावात सांगत फिरले. विरोधाच्या ठरावाला मीही हात वर केला. पुढे पुतण्याने मसुदा वाचून दाखवला. बंदी खाणींवर, दगड-वाळू उपशावर, लाल गटातल्या, म्हणजे सर्वात जास्त प्रदूषण करणाऱ्या, कारखान्यांवर, मोठ्या बांधकामांवर. शेतीवर नाहीच. इतक्या वर्षांत एकही साहेब हे समजावायला गावात आला नाही. समजावणारे आले ते खाणवाल्यांचे. ठरावाचा फेरविचार करा म्हणून मी ग्रामसभेला दोनदा अर्ज दिलाय. विषयपत्रिकेवर अजून आलेला नाही.