सोलापूरहून पहिल्यांदाच थीम पार्क : इमॅजिका की वंडरला? सल्ला हवा आहे

जुळेसोलापूरकर
नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज आटोपल्यावर, आम्ही घरची पाच माणसे एखाद्या मोठ्या थीम पार्कला जाण्याचा विचार करीत आहोत. मुलांची मजल आजवर गड्ड्याच्या यात्रेतील पाळण्यांपलीकडे गेलेली नाही. मुलगी सहावीत आहे, मुलगा पहिलीत. सासूबाई 66 वर्षांच्या असून त्यांचे गुडघे दुखतात. मात्र त्यांना घरी एकटे ठेवणे यजमानांना मान्य नाही आणि त्यांची स्वतःचीही येण्याची इच्छा आहे. गाडी घरची आहे, छोटी. प्रवास, दोन रात्रींचा मुक्काम, तिकिटे आणि जेवण हे सर्व 25 हजारांच्या आत बसवायचे आहे. खोपोलीजवळची इमॅजिका की हैदराबादची वंडरला, या दोहोंत निर्णय अडला आहे. प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे. बजेट वाढवण्याचा सल्ला नको.

नवीपेठ_व्यापारी
बजेट वाढवू नका असे आपण लिहिले आहे, ते वाचूनही सांगतो, कारण अर्धवट पाहण्यात अर्थ नसतो. आम्ही सहकुटुंब सिंगापूरला गेलो होतो. सेंटोसा बेटावरील युनिव्हर्सल स्टुडिओज एकदा पाहिला की आपल्याकडचे काहीच डोळ्यांत भरत नाही. तेथे काही राइडना एकट्या माणसांची वेगळी रांग असते. आपापल्या जागी सुटे बसण्याची तयारी असेल तर पुष्कळ वेळ वाचतो. एक वर्ष थांबा, पैसे साठवा आणि थेट तिकडेच जा.

कडकभाकरी
ताईंनी 25 हजार म्हटले आहे, व्यापारीसाहेब. एवढ्यात पाच जणांचे पासपोर्टच होतील.
ताई, डोळे मिटून इमॅजिकाला जा. 2013 साली सुरू झालेले हे पार्क पूर्णपणे कल्पना आणि कथांवर बेतलेले आहे. उगाच लोखंडी सांगाडे उभे करून ठेवलेले नाहीत. नायट्रो नावाची रोलर कोस्टर आहे, तिला पायाखाली तळच नाही, पाय हवेत लोंबकळतात. मी बसलो तेव्हा माझ्या शेजारचा धिप्पाड गृहस्थ सुरुवातीपासून शेवटपर्यंत आईला हाका मारत होता, मी मात्र डोळे उघडे ठेवले होते. सासूबाईंसाठी 'आय फॉर इंडिया' आहे, ज्यात बसल्या जागी भारतावरून उडत गेल्यासारखे वाटते. मात्र एक लक्षात घ्या की तेथील थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्क यांची तिकिटे वेगवेगळी आहेत. तिन्ही एका दिवसात करायला जाऊ नका, एकही धड होत नाही.

पूर्वभाग
कडकभाकरी यांनी स्वतःच मुद्दा मांडला आणि पुढे निघून गेले. वंडरलामध्ये जमिनीवरील आणि पाण्यातील सर्व राइड एकाच तिकिटात येतात. पाच माणसांच्या हिशेबात हा फरक लहान नाही. शिवाय आमच्या पूर्व भागातील निम्म्या घरांचे पाहुणे हैदराबादला असतात, त्यामुळे मुक्कामाचा खर्चही वाचतो. अंतराचे म्हणाल तर दोन्हीकडे तीनशे किलोमीटरच्या आसपासच पडते, खोपोली थोडे जास्तच. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद असा सरळ 65 क्रमांकाचा महामार्ग आहे. संगारेड्डी सोडल्यानंतर शहरात शिरूच नका. बाहेरचा वर्तुळाकार रस्ता, म्हणजे ओआरआर, पकडला की थेट रविर्यालला उतरता येते आणि वंडरला तेथेच आहे.

जुळेसोलापूरकर
धन्यवाद. आमचे हैदराबादला कोणी नातेवाईक नाहीत.

पूर्वभाग
मग आधी ओळख काढा, कोणी ना कोणी निघतेच.

जुना_प्रवासी
एस्सेलवर्ल्डचे नाव कोणीच कसे घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते. 1989 साली सुरू झालेले ते भारतातील या प्रकारच्या सुरुवातीच्या पार्कांपैकी एक. गोराईच्या खाडीतून बोटीने जाण्याची मजा आजच्या पार्कांना नाही. शाळेची सहल गेली होती तेव्हा सोबत नेलेले दशम्यांचे डबे बोटीतच संपले होते. ताईंनी तेथेच जावे.

दोन_मुलांचा_बाबा
काका, एस्सेलवर्ल्ड काही वर्षांपासून बंद आहे. ताईंना कुलूप पाहायला पाठवू नका.

जुना_प्रवासी
बंद असले तरी इतिहास बदलत नाही.

रेल्वेप्रेमी_सोलापूर
गाडीचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो. वंदे भारत फेब्रुवारी 2023 पासून सोलापूरहून मुंबईला जाते, पण ती लोणावळ्याला थांबत नाही, त्यामुळे इमॅजिकासाठी तिचा उपयोग नाही. खोपोलीला लोकल येते ती कर्जतहून. पुण्याला उतरा, मग कर्जत गाठा, मग खोपोली, मग रिक्षा, हे सर्व दोन मुले आणि दुखरे गुडघे घेऊन करण्यासारखे नाही. घरची गाडी असेल तर रस्त्यानेच जा, हे मी रेल्वेप्रेमी असूनही सांगतो.

कडकभाकरी
रस्त्याने जाणार असाल तर पहाटे तीनला निघा. हडपसर सकाळी सातच्या आत ओलांडले नाही, तर पुढचे दोन तास तेथेच जातात. मंतरवाडीवरून कात्रजला काढतात तो रस्ता जवळचा म्हणून सांगितला जातो, पण उंड्री-पिसोळीच्या वाहतुकीत अडकलेला माणूस पुन्हा कोणाला जवळचा रस्ता सांगत नाही.

नवीपेठ_व्यापारी
सिंगापूरला हा प्रश्नच नाही, मेट्रो आहे.

मायेची_आत्या
मी पार्कांची नावे घेणार नाही, मात्र पाण्याच्या राइड असलेल्या एका ठिकाणी आमची फार फजिती झाली. सुती कपडे पाण्यात चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात, हे आम्हाला आत गेल्यावर कळले. मग भाड्याचे कपडे, त्यांची अनामत रक्कम, लॉकरचे वेगळे पैसे, असे करत करत तिकिटाच्या बरोबरीने खर्च झाला. भाड्याने मिळालेला पोशाख माझ्या जाऊबाईंना इतका तंग झाला की त्या दिवसभर खुर्चीवर टॉवेल गुंडाळून बसल्या. ताई, घरच्या सर्वांचे नायलॉनचे कपडे येथूनच घेऊन जा. नवी पेठेत सहज मिळतात.

शिस्तप्रिय
मुळात दिवाळीच्या फराळाचे डबे आत नेता येतील का, हे कोणी सांगितलेले नाही. आमचा पाच किलोचा चिवडा आणि शेंगापोळ्या प्रवेशद्वारावर अडवल्या गेल्या होत्या. अशा बहुतेक पार्कांत बाहेरचे खाद्यपदार्थ नेता येत नाहीत. औषधे आणि तान्ह्या बाळाचे खाणे तेवढे सोडतात. गाडीत ठेवा आणि संध्याकाळी बाहेर आल्यावर खा. आतील वडापावचा भाव पाहून माणसाची भूक आपोआप मरते, तो भाग वेगळा.

मायेची_आत्या
शेंगापोळी उन्हातल्या गाडीत दिवसभर ठेवली तर तिचे तेल सुटते, असा सल्ला देऊ नका.

शिस्तप्रिय
शेंगापोळीचे तेल सुटत नाही, नीट भाजलेली असेल तर ती आठवडाभर टिकते.

मायेची_आत्या
आपण केली आहे का कधी?

दोन_मुलांचा_बाबा
चिवड्यावरून परत मूळ प्रश्नाकडे येतो, कारण ताईंच्या मुलांचे वय वाचल्यापासून एक गोष्ट सांगायची राहून जाते आहे. या पार्कांमध्ये वय कोणी विचारत नाही, उंची मोजतात. तिकीट पूर्ण की लहान मुलाचे, हेही उंचीवर ठरते आणि कोणत्या राइडमध्ये बसू देतील, हेही. मोठ्या थरारक राइडना बहुतेक ठिकाणी 140 सेंटिमीटरच्या आसपासची अट असते. माझा धाकटा अशाच एका पट्टीपाशी उभा राहिला होता. त्याने टाचा उचलल्या, राइडवाल्याने हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवून टाचा खाली टेकवल्या, मग आडवी फळी त्याच्या डोक्यावर आणली आणि केसांचा फुगा दाबला. फळी रेषेच्या खालीच राहिली. थोरली बसून आली, उतरताना तिचे केस पिंजारलेले होते आणि तोंड बंद होत नव्हते. धाकटा तोपर्यंत कठड्याला धरून रडत होता, आणि त्यानंतर त्याला ज्या लहान मुलांच्या रेल्वेत बसवले तिच्यातून तो उतरलाच नाही, रागाने. नियम बरोबरच आहे, सुरक्षेचा कठडा लहान अंगाला घट्ट बसत नाही, त्यामुळे तेथे वाद घालू नये. म्हणून माझे एवढेच सांगणे आहे की तिकिटे काढण्यापूर्वी दोन्ही मुलांना दाराच्या चौकटीला टेकवून उभे करा, डोक्यावर पट्टी आडवी धरा, पेन्सिलने खूण करा आणि मग ठरवा की पाच तिकिटांपैकी किती तिकिटांचा पैसा वसूल होणार आहे. पहिलीतला मुलगा कोणत्याच पार्कात मोठ्या राइडना चालणार नाही, हे मी आजच सांगतो.

कडकभाकरी
इमॅजिकामध्ये लहानांसाठीही पुष्कळ आहे. अलीबाबाच्या गुहेत बंदुकीने नेम धरायचा असतो, तो खेळ सर्वांना आवडतो.

पूर्वभाग
लहानांसाठी वंडरलामध्येही आहे. आणि गर्दीचे कोणी बोललेच नाही. दिवाळीनंतरच्या आठवड्यात मुंबई-पुण्याच्या सर्व शाळांना सुट्टी असते आणि ती सर्व मंडळी खोपोलीला उतरतात. तेलंगणातील शाळांची मोठी सुट्टी दसऱ्याला असते, दिवाळीला नाही, त्यामुळे मंगळवार-बुधवार गाठला तर हैदराबादला रांगा कमी असतात. भारतातले सर्वांत जुने वंडरलाही हैदराबादचेच आहे.

शिस्तप्रिय
शेवटचे वाक्य चुकीचे आहे. कंपनीचे पहिले पार्क कोचीला 2000 साली झाले, मग 2005 मध्ये बेंगळुरूजवळ, आणि हैदराबादचे 2016 मधले. गर्दीचा मुद्दा मात्र बरोबर आहे.

निवृत्त_शिक्षक_अक्कलकोटरोड
सर्वांची उत्तरे वाचली. सासूबाईंचा विचार एकानेही केलेला नाही, त्यांना खुर्चीवर बसवून पर्सा सांभाळायला लावण्यापलीकडे. रामोजी फिल्म सिटीचा पर्याय मनात आणून पाहावा. हैदराबादच्या पलीकडे, विजयवाड्याच्या रस्त्यावर आहे, 1996 पासून सुरू आहे, आणि 1,666 एकर परिसरामुळे जगातील सर्वांत मोठे चित्रपट-संकुल म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे. मुख्य सोय अशी की तेथे बसमधून फिरवतात. उतरायचे, पाहायचे, पुन्हा बसमध्ये बसायचे. खोटे रेल्वे स्थानक आहे, खोटा विमानतळ आहे. एकाच इमारतीची प्रत्येक बाजू वेगळी रंगवलेली असते, समोरून देऊळ तर मागून दुसरेच काही. सौ.चेही गुडघे दुखतात, तरी तिने दिवस काढला.

कडकभाकरी
गुरुजी, रामोजी हे थीम पार्क नव्हे, ती बागेची सहल आहे. मुले कंटाळतील.

पूर्वभाग
प्रथमच कडकभाकरी यांच्याशी सहमत आहे. हैदराबादला जाऊन रामोजी पाहणे म्हणजे वेळ घालवणे. तेथे चांगली रोलर कोस्टर नाही.

दोन_मुलांचा_बाबा
मुलगी सहावीत आहे, तिला वेग हवा असणार. मीही वंडरलाच म्हणेन. सासूबाईंसाठी सावलीत बसण्याच्या जागा असतात.

नवीपेठ_व्यापारी
युनिव्हर्सल हाही मुळात फिल्म स्टुडिओच आहे, हे गुरुजींच्या लक्षात यावे.

जुळेसोलापूरकर
सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे काल संध्याकाळी दोघांना स्वयंपाकघराच्या चौकटीला उभे केले. मुलगी 136 सेंटिमीटर भरली, मुलगा 113. म्हणजे ज्या राइडसाठी एवढे पैसे मोजायचे, त्यांत आम्हा दोघांनाच बसता येणार. यजमानांना उंचावर चक्कर येते आणि मला एकटीला किंचाळण्याची हौस नाही. सासूबाईंना मी निरनिराळी चित्रे दाखवली, तर त्यांचे बोट रामोजीच्या बसवर थांबले, आणि खोटे विमान आतून पाहता येते हे कळल्यावर मुलगाही त्यांच्या बाजूला गेला. मुलगी थोडी नाराज आहे. तिची उंची पुरेशी झाली की तिला तिच्या बाबांच्या ऐवजी मामासोबत वंडरलाला पाठवायचे कबूल केले आहे. त्यामुळे रामोजीच नक्की केले. बुधवारचे तिकीट ऑनलाइन काढते आहे आणि दोन रात्रींची खोली हयातनगरकडे साध्या लॉजमध्ये पाहते आहे. नायलॉनचे कपडे घेतले होते, ते दुकानदार परत घेतो का ते आता पाहावे लागेल.

कडकभाकरी
रामोजीच करायचे होते तर इमॅजिका की वंडरला असे विचारलेच कशाला?

मायेची_आत्या
कपडे परत करू नका, पुढच्या उन्हाळ्यात उपयोगी पडतील. शेंगापोळ्या मात्र लॉजच्या खोलीतच ठेवा.

पूर्वभाग
ठीक आहे, आपला निर्णय. ओआरआरवर पेद्द अंबरपेटला उतरा, तेथून रामोजी जवळ आहे. रस्ता शमशाबादच्या बाजूने घ्याल तर वाटेत रविर्याल लागते, तेव्हा मुलीला गाडीच्या दुसऱ्या बाजूला बसवा.