हक्कसोडवर सही करायची की नाही?

निफाडची_लेक:
वडील जाऊन दोन महिने झाले आणि भाऊ हक्कसोडवर, म्हणजे जमिनीतला माझा वाटा सोडल्याच्या कागदावर, सही मागतोय, चार एकर द्राक्षबाग आहे. भाऊ वाईट नाही हो, पण लग्नानंतर तो कारभारी झाला आणि मी पाहुणी, दहावीपासून त्याच बागेत थिनिंग-डिपिंग मीपण केलंय ना? आजीचं नाव सातबाऱ्यावर लागलं ते आजोबा गेल्यावर, आईचं आता लागेल. बाईचं नाव लागायला घरात कोणी जावंच लागतं का? मी सही करणार नाही.

बांधावरचा:
ताई मी तुमच्या भावाच्या जागी आहे. अडीच एकर, दोन बहिणी. वडिलांचं डायलिसिस तीन वर्षं मी आणि बायकोनं काढलं, सोसायटीचं कर्ज माझ्या डोक्यावर, बहिणींच्या लग्नात अर्धा एकर गेला तो वेगळाच. आई धरून चार वाटे केले तर पंचवीस-पंचवीस गुंठे, मग विहीर कोणाची, मोटर कोणाची? आणि शेती करणाऱ्या पोराला मुलगी कोण देतंय आज, माझा चुलतभाऊ 36 चा झाला.

यवतमाळ_वहिनी:
दादा, डायलिसिसला बायको पण होती म्हणता, मग सातबाऱ्यावर तिचं नाव आहे का? माझा नवरा 2016 ला गेला. जमीन सासऱ्यांच्या नावावर, त्यामुळे पीककर्ज मिळेना, पीएम किसानचे वर्षाचे 6000 पण नाहीत कारण त्यालाही जमीन स्वतःच्या नावावर लागते. दीर म्हणे माहेरी जा, आणि माहेरी मी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सही करून बसलेले. साडीचोळीवर.

फेरफारवाले_काका:
नोकरीत असताना अशा सह्या खूप पाहिल्या, निम्म्या बायांना कागद वाचूनही दाखवत नसत. महाराष्ट्रात 1994 ला लेकींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क देणारा कायदा झाला पण आधी लग्न झालेल्या लेकी त्यातून वगळल्या, मग 2005 ला केंद्राने सगळ्या लेकींना जन्मापासून हक्क दिला आणि 2020 ला सुप्रीम कोर्ट म्हणालं वडील 2005 ला हयात असायची पण गरज नाही. शेतकरी संघटनेने 1986 ला चांदवडला बायांचं अधिवेशन घेतलं आणि पुढे त्यांच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत कित्येक शेतकऱ्यांनी स्वतः जिवंत असताना बायकोच्या नावावर जमीन केली, म्हणजे हे होऊ शकतं. आणि वारस नोंद झाली की लगेच वाटप होतं असं नाही, बाग एकत्र ठेवता येते.

बांधावरचा:
बायकोचं नाव नाही, हे खरंय, ते मी या हंगामात करतो. पण बहिणींना वाटा, हे मला अजून पटत नाही, म्हातारपण ज्याने काढलं त्याचं काहीच नाही का?

निफाडची_लेक:
दादा, ते धरायलाच पाहिजे, मी भावाला तेच म्हटलं, बाग तू कर, उत्पन्न तू घे, फक्त नाव राहू दे. तो म्हणाला रविवारी ये, आईसमोर बोलू.