युरोपच्या प्रकल्पात भागीदार व्हा म्हणून मेल आलाय, अध्यक्षांना काय सांगू?

खारपाणी

नमस्कार मंडळी. मी दर्यापूर तालुक्यात एका अनुदानित कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. यंदापासून आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं जूही मानेवर आलंय. गेली तीन वर्षं बीएस्सीची पोरं-पोरी घेऊन आसपासच्या गावांतल्या विहिरींचं आणि बोअरचं पाणी तपासते आहे. खारपाणपट्टा इकडच्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतल्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारट आहे. विहीर भरलेली दिसते, पण ते पाणी पिता येत नाही आणि पिकाला दिलं तर काळी जमीन चिवट होऊन बसते.

या कामावर एका ऑनलाइन परिषदेत दहा मिनिटं बोलले होते. त्यावरून स्पेनमधल्या एका विद्यापीठातल्या मृदाशास्त्राच्या मॅडमचा मेल आला. खारवट जमिनीवर अभ्यासक्रम आणि प्रयोगशाळा उभ्या करायच्या, त्यासाठी स्पेन, नेदरलँड्स, व्हिएतनाम आणि भारत अशी जुळवाजुळव चाललीय. इरॅस्मस प्लस या युरोपियन युनियनच्या शिक्षण कार्यक्रमात 'कपॅसिटी बिल्डिंग' खाली प्रस्ताव जाणार, पहिल्या स्ट्रँडमध्ये, म्हणजे गटात. मुदत फेब्रुवारीत आहे, आणि त्यांना आमचा पीआयसी नंबर आणि सही केलेलं मँडेट लेटर, म्हणजे आमच्या वतीनं अर्ज करायचं अधिकारपत्र, आठ दिवसांत हवंय.

प्राचार्य म्हणाले अध्यक्षांना विचारा. अध्यक्षांनी एकच प्रश्न केला, "आपल्याला किती भेटतात?" त्यात कोणीतरी त्यांना एका सल्लागाराचं माहितीपत्रक दिलंय. 'इरॅस्मस, टेम्पस, सर्व युरोपियन अनुदाने खात्रीने', फी दीड लाख आगाऊ आणि मंजूर रकमेवर टक्केवारी वेगळी. हा सगळा प्रकार खरा आहे का? सही कोणाची चालते? आणि पीआयसी म्हणजे नेमकं काय? कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

तासिकावाला

खरा असेल हो मॅडम. पण तीन वर्षांच्या प्रकल्पात ज्यांची नावं लिहाल त्यातले निम्मे आमच्यासारखे सीएचबीवाले, म्हणजे तासिका तत्त्वावरचे असतील, आणि आमची ऑर्डर शैक्षणिक वर्षापुरती. 'प्रमुख संशोधक' जूनमध्ये कुठे असेल ते त्यालाच माहीत नसतं. हे युरोपवाल्यांना कसं समजावणार तेवढं सांगा.

(बाकी ब्रिटिश कंपनीच्या शकुंतला रेल्वेच्या काळापासून आपल्या भागातला पैसा विलायतेला जात आलाय. उलटा येताना पाहायला मजा येईल.)

पेनगंगाकाठचा मास्तर

मॅडम, आधी घोटभर पाणी प्या. गोडं मिळालं तर.

मी मेहकरकडचा. भूगोलाचा मास्तर, आता रिटायर. २०१४ ते २०२० च्या पर्वातल्या अशाच एका प्रकल्पात आमचं तालुक्याचं कॉलेज भागीदार होतं. अनुभव ताजा आहे, जखमाही.

कार्यक्रम अगदी खरा आहे. युरोपियन युनियनचा आहे, ब्रुसेल्समधली त्यांची शिक्षण-संस्कृतीची कार्यकारी संस्था तो चालवते, आशिया विभागात भारत बसतो. आता चालू आहे ते २०२१ ते २०२७ चं पर्व. कपॅसिटी बिल्डिंगचे तीन स्ट्रँड आहेत. तुमचा पहिला, म्हणजे ज्यांनी असं काही आधी केलेलं नाही त्यांच्यासाठीचा. अनुदान २ ते ४ लाख युरो, काळ २ किंवा ३ वर्षं. दुसऱ्यात ४ ते ८ लाख, तिसरा १० लाखांपर्यंत जातो, पण तो शासनाला सोबत घेऊन धोरण बदलण्याचा. ते आपलं काम नव्हे.

आता अध्यक्षांचा प्रश्न. ४ लाख युरो ऐकले की माणूस कॅल्क्युलेटर काढते. आमच्या अध्यक्षांनीही काढला होता. पण ती रक्कम सगळ्या भागीदारांत मिळून आहे. आठ संस्था असल्या तर सरासरी ५० हजार युरो, तेही तीन वर्षांत, आणि त्यात इमारत नाही, कंपाउंड वॉल नाही. शिवाय पूर्ण खर्च ते देत नाहीत, दहा टक्क्यांच्या आसपास भार भागीदारांवर येते. हे आजच सांगून टाका. आमच्या प्राचार्यांनी लपवलं, आणि दुसऱ्या वर्षी संस्थेच्या मिटिंगमध्ये 'स्पेनचे पैसे कुठे गेले' अशी चर्चा झाली. प्रकल्पात स्पेन नव्हताच, पोर्तुगाल होता.

सल्लागाराचं माहितीपत्रक चुलीत घाला. टेम्पस सुरू झाला १९९० मध्ये, पोलंड-हंगेरीकडची विद्यापीठं साम्यवाद गेल्यावर सावरायची म्हणून. पुढे तो रशिया, बाल्कन, मध्य आशिया, भूमध्य समुद्राकडचे अरब देश असा पसरला, आणि २०१३ नंतर बंद होऊन इरॅस्मस प्लसमध्ये मुरला. भारत त्यात कधीच नव्हता. बंद पडलेल्या, आणि चालू असतानाही आपल्याला लागू नसलेल्या योजनेचं अनुदान जो खात्रीने आणून देतो, तो मोठा कलावंत आहे. अर्ज करायला फी नसते, मार्गदर्शक पुस्तिका फुकट उतरवून घेता येते, आणि प्रस्ताव तर मुख्य विद्यापीठच लिहिणार. तुमच्या वाट्याला चार-पाच पानं.

पीआयसी म्हणजे नऊ आकडी ओळख क्रमांक. युरोपियन कमिशनच्या पोर्टलवर खातं काढून संस्थेची नोंद केली की तिथल्या तिथे मिळतो, अर्धा तास लागते. पण नाव कोणाचं टाकता ते पाहा. कायद्याच्या दृष्टीनं आपलं कॉलेज ही 'संस्था' नाही, ते चालवणारं शिक्षण मंडळ ही संस्था. ट्रस्ट म्हणून नोंदणी त्याची, पॅन त्याचा. आम्ही हौसेनं कॉलेजच्या नावानं पीआयसी काढला. निवड झाल्यावर कागद तपासायला मागितले तेव्हा नोंदणीवर नाव मंडळाचं. बरं, मंडळाचं टाकावं तर पॅनवर 'शिक्षण'चं स्पेलिंग एस-आय-के पासून सुरू, बँकेत एस-एच-आय-के पासून. चार महिने! एका एच साठी चार महिने मी प्रतिज्ञापत्रं करून राहिलो होतो. तिकडची बाई बिचारी दर वेळी नम्रपणे विचारायची, 'आर दीज टू डिफरंट ऑर्गनायझेशन्स?'

म्हणून मँडेटवर सही मंडळाच्या कायदेशीर प्रतिनिधीची, म्हणजे अध्यक्ष किंवा सचिव, ज्याला तुमच्या घटनेत अधिकार आहे त्याची. प्राचार्यांना सही करायची असेल तर मंडळाचा ठराव लागेल.

खरा डोंगर वेगळाच आहे, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा आपला कायदा. तिकडच्या विद्यापीठातून येणारा पैसा हा परदेशी पैसा. मंडळाची एफसीआरए नोंदणी नसेल तर एक युरोही घेता येत नाही. आणि २०२० च्या दुरुस्तीपासून एका संस्थेनं घेतलेला असा पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देताही येत नाही. त्यामुळे 'विद्यापीठाच्या खात्यात घेऊ, तिथून आपल्याकडे वळवू' ही युक्ती कोणी सांगितली तर हात जोडा.

नोंदणी नसेल तर एक रस्ता आहे. 'असोसिएटेड पार्टनर' म्हणून जा. अशा भागीदाराला पैसा मिळत नाही, पण कामात, प्रशिक्षणात, अहवालात नाव राहते. पूर्ण भागीदार अमरावतीचं विद्यापीठ किंवा अकोल्याचं कृषी विद्यापीठ होते का, ते विचारा. आणि ते तसंही लागेलच. प्रकल्प अभ्यासक्रम बदलायचा आहे, आणि संलग्न कॉलेजला स्वतःचा अभ्यासक्रम बदलायचा अधिकार नाही, तो विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचा. आम्ही हे उशिरा ओळखलं. खारवट जमिनीवर सुंदर तीस तासांचा कोर्स तयार झाला, आणि तो अखेर 'प्रमाणपत्र कोर्स' म्हणून दुपारच्या सुट्टीत शिकवला. चौदा पोरं होती. त्यातल्या सहांची बस साडेतीनची.

आमचं दुसरं रडगाणं फ्लेम फोटोमीटरचं. पाण्यातलं सोडियम मोजायला तुम्हाला तोच लागेल. यंत्र आलं, त्यावर निळ्या झेंड्याचं स्टिकर लागलं, फोटो निघाला. मग कळलं की त्याला ज्योत लागते, ज्योतीला गॅस, आणि प्रयोगशाळेत घरगुती सिलिंडर चालत नाही. व्यावसायिक कनेक्शनचा खर्च प्रकल्पाच्या कोणत्याच शीर्षकात बसेना, कॉलेजच्याही बसेना. पाच महिने यंत्र खोक्यात. शेवटी एका शिपायाच्या मेहुण्याच्या हॉटेलातून सिलिंडर आला. प्रस्तावात यंत्र लिहाल तेव्हा त्याच्यासोबत गॅस, स्टॅबिलायझर आणि रसायनंही लिहा. तिकडच्या प्रयोगशाळेत भिंतीतूनच गॅस येते, त्यांना हे सुचणार नाही.

मग करावं काऊन, असं म्हणाल. एक सांगतो. दुसऱ्या वर्षी तिकडचे एक वयस्क प्राध्यापक आले. त्यांना काळ्या जमिनीच्या एका वावरात नेलं. त्यांनी खाली बसून मूठभर माती घेतली, बाटलीतलं पाणी टाकून मळली आणि अंगठा-बोटात दाबून तिची फीत काढायला लागले, किती लांब निघते ते पाहायला. वावराचा मालक बाजूला उभा होता. तोही बसला, त्यानं पण माती मळली, त्याची फीत त्यांच्यापेक्षा दोन बोटं लांब निघाली. भाषा एकाची दुसऱ्याला येत नव्हती. अर्धा तास दोघं माती मळत बसले आणि माझी पोरं गोल करून पाहत होती. त्यातली एक पोरगी पुढे मृदाशास्त्रात एमएस्सीला गेली. हे काही अहवालात लिहिता आलं नाही, अहवालात रकाना नव्हता.

तासिकावाला भाऊ, तुमचं दुखणं खरं आहे. आम्ही तीन सीएचबीवाल्यांची नावं टाकली होती, दोघं पहिल्याच जूनला गेले. मॅडम, प्रस्तावात नावापुढे 'पद' लिहा, आणि ऑर्डर खंडित झाली तर पर्यायी माणूस कोण, ते आताच ठरवा. मुख्य विद्यापीठाला स्वच्छ कळवा. लपवलं तर त्यांना वाटते तुम्ही काम सोडून पळाले.

हेडक्लार्क

मास्तरांनी एफसीआरएचं सांगितलं ते बरोबर, थोडी भर घालतो. नोंदणी नसली तरी 'पूर्वपरवानगी' नावाचा प्रकार असते, एका ठराविक देणाऱ्याकडून ठराविक कामासाठी. नोंदणीला फॉर्म एफसी-३ए, पूर्वपरवानगीला एफसी-३बी. नोंदणी मागायला संस्था तीन वर्षं जुनी लागते आणि मागच्या तीन वर्षांत मुख्य कामावर १५ लाख तरी खर्च झालेला लागते. तुमच्या मंडळाला अवघड नसावं. पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच पडते. तिथे जावं लागत नाही, आपल्या जवळच्या शाखेतून कागद जातात, पण शाखेतल्या साहेबाला हे माहीत नसते. छापील सूचना घेऊन जा. आणि पैसा येवो न येवो, नोंदणी झाली की दर वर्षी ३१ डिसेंबरच्या आत एफसी-४ भरा. शून्य असलं तरी. आमच्या आधीच्या बाबूनं दोन वर्षं भरलं नाही, ते मी निस्तरून राहिलो अजून.

परतवाडेकर

थोडं अवांतर. एकट्या कॉलेजला झेपेल असं हवं असेल तर याच इरॅस्मस प्लसमध्ये जाँ मोने मॉड्यूल पाहा. भागीदार लागत नाहीत. तीन वर्षं, दर वर्षी किमान ४० तास शिकवायचं, ३५ हजार युरोपर्यंत. विषय मात्र युरोपियन युनियनशी जोडलेला हवा. पाण्यावरचे त्यांचे कायदे असं काही जमेल. एफसीआरए तिथेही सुटत नाही.

खारपाणी

सगळ्यांचे आभार, विशेषतः मास्तरांचे. कालच्या दिवसात काय झालं ते सांगते. मंडळाची एफसीआरए नोंदणी नाही. म्हणून स्पेनच्या मॅडमना लिहिलं, की आम्ही असोसिएटेड म्हणून येतो, पूर्ण भागीदारासाठी विद्यापीठाशी बोलते. त्यांचं रात्रीच उत्तर आलं, त्यांना चालतंय. उलट विचारताहेत की तीन वर्षांचे पाण्याचे आकडे आहेत का. आहेत! बिसलेरीच्या बाटल्यांवर चिकटपट्टी लावून पोरांनी गावाचं आणि विहीरवाल्याचं नाव लिहिलेलं, ते सगळं वहीत उतरवलंय. आता कळतंय की विहिरीचं ठिकाण जीपीएसवर घ्यायला हवं होतं. 'सुरेशभाऊची मागची विहीर' हे नकाशावर कसं दाखवणार? या रविवारी पोरांना घेऊन परत फिरायचं ठरवलंय.

अध्यक्षांना सांगितलं, "काका, सध्या शून्य भेटतात." ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग सही करायला हरकत काय आहे?"

फक्त एक अडलंय. ट्रस्टचं प्रमाणपत्र जुनं आहे, त्यावर मंडळाचं नाव फक्त मराठीत. इंग्रजीत कुठलं स्पेलिंग धरू?

हेडक्लार्क

पॅनवर आहे ते. चुकीचं असलं तरी तेच. आणि आजपासून लेटरहेड, शिक्का, बँक, सगळीकडे तेच एक चालवा.

पेनगंगाकाठचा मास्तर

एच मोजून घ्या मॅडम.