दुकानात हाताळून पाहायचे आणि ऑनलाइन मागवायचे, हे कितपत योग्य?

भाट्येकाठ, रत्नागिरी

गेली तीन वर्षे सुटीच्या दिवशी मी भाट्याच्या खाडीवर गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, जातो. आतापर्यंत नुसत्या हातातल्या दोरीवर भागत होते आणि तंगूस (नायलॉनची दोरी), शिसे, गऱ्या (गळाचे आकडे) हे सारे मिरकरवाड्याच्या बाजूच्या एका जुन्या दुकानातून घेत आलो. आता प्रथमच दहा फुटी रॉड आणि 5000 आकाराचे रीळ घ्यायचे ठरवले. त्या दुकानदाराने काचेच्या कपाटातून चार रिळे काढून एकेकाची मूठ मला फिरवायला दिली, खाडीच्या तोंडाशी ओहोटीची ओढ किती असते आणि तिथे किती वजनाचे शिसे टिकते हे समजावले, आणि त्या वजनाला कोणता रॉड पेलेल हेही सांगितले. रिळाची किंमत 3,400 रुपये होती. घरी येऊन फोनवर पाहिले तर तेच मॉडेल 2,750 रुपयांना दिसले. साडेसहाशे रुपये माझ्यासाठी थोडे नाहीत, परंतु त्या माणसाचा अर्धा तास फुकट वापरल्यासारखेही वाटते. जाणकारांनी कृपया मत द्यावे. नुसती भावनिक उत्तरे नकोत, व्यवहार सांगावा.

कुंडलिकाखाडी, रेवदंडा

व्यवहारच सांगतो. रीळ ही बंद खोक्यातली वस्तू आहे. मॉडेल तेच आणि विक्रेता खात्रीचा असेल, तर ते कोठूनही घेतले तरी सारखेच. दोरीचे तसे नाही. चार वर्षांपूर्वी मी वेष्टनावर 40 पौंड असे छापलेली ब्रेडेड (बारीक धागे विणून केलेली) दोरी ऑनलाइन मागवली आणि घरीच पंख्याखाली बसून कोऱ्या रिळावर गुंडाळली. त्या शनिवारी जिताडा लागला, रीळ दोरी सोडू लागले, म्हणून मी ड्रॅग (दोरी किती ताणाला सुटावी हे ठरवणारा रिळाचा भाग) आवळत गेलो, पण दोरी सुटायची थांबेना. ड्रॅगमध्ये दोष नव्हताच. ब्रेडेड दोरी गुळगुळीत असल्यामुळे ती थेट धातूवर गुंडाळली की सगळा गुंडाच रिळावर गरगर फिरतो, आणि म्हणून तिच्याखाली आधी साध्या तंगुसाचे काही वेढे द्यावे लागतात, हे मला दुसऱ्या दिवशी दुकानदाराने सांगितले. त्याने सगळी दोरी उतरवली, खाली तंगूस दिला, आणि ओल्या फडक्यातून ताण देत ती पुन्हा भरली; काठापासून साधारण दोन मिलिमीटर जागा मुद्दाम मोकळी ठेवली, कारण काठोकाठ भरलेल्या रिळावरून दोरीचे वेढे एकदम सुटतात आणि गुंता होतो. हे काम त्याने वीस मिनिटांत केले. मासा अर्थातच गेला होता.

तरीही दुकानांची मी सरसकट भलामण करणार नाही. आमच्याकडच्या एका दुकानात तंगुसाची रिळे उन्हाच्या बाजूच्या काचेत वर्षानुवर्षे टांगलेली असतात, आणि उन्हाने नायलॉन कमकुवत होते. असे रीळ दिसले तर आतल्या खोक्यातले मागावे. गरीचे टोक अंगठ्याच्या नखावर हलके टेकवून पाहावे. ते घसरले तर गरी बोथट आहे. हे दुकानात करता येते, फोनवर येत नाही.

उजनीकाठ

किनाऱ्यावरच्या मंडळींना हा प्रश्न पडतो, हेच मला हेवा वाटण्याजोगे आहे. आमच्याकडे भिगवणच्या बाजूला जाळी, दोर आणि बोये मिळतात, कारण धरणात जाळ्याने मासेमारी करणारे पुष्कळ आहेत. परंतु बरे रीळ पाहायचे तर पुणे गाठावे लागते आणि जाण्यायेण्यातच तुमचे साडेसहाशे रुपये संपतात. त्यामुळे ‘स्थानिक दुकान जगवा’ हा उपदेश आम्हाला लागू पडत नाही. मी गेली सहा वर्षे सर्व साहित्य ऑनलाइन घेतो आणि एकदाच फसलो.

दोन गोष्टी पाळतो. मूळ देश आणि माल परत घेण्याच्या अटी विक्रेत्याने दाखवणे 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बंधनकारक आहे; ते जिथे नीट दिसत नाही तिथे मी घेत नाही. रॉड आला की पार्सल उघडतानाच चित्रीकरण करतो आणि दोरी ओवण्यासाठी रॉडवर असलेल्या प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवतो. कडीच्या आतल्या सिरॅमिकला तडा असेल तर डोळ्यांना दिसत नाही, पण कापसाचे तंतू अडकतात, आणि तीच चीर पुढे दोरी कापते. विक्रेता दाद देत नसेल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

बंदरावरचे दुकान, मालवण

आमचे वडिलोपार्जित दुकान असल्यामुळे दुसरी बाजू मांडतो. आमचा धंदा हौशी गरवणाऱ्यांवर चालत नाही. तो चालतो मच्छीमारांच्या जाळ्यांवर, दोरांवर आणि शिशावर. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, जाळ्यांची डागडुजी त्याच काळात होते, आणि बराचसा माल उधारीवर जाऊन पैसे हंगाम सुरू झाल्यावर येतात. रिळांचे कपाट हा त्यातला एक कोपरा आहे. त्यातले एखादे रीळ दोन-दोन वर्षे पडून राहते, आणि काही वेळा ऑनलाइन किंमत आमच्या खरेदीच्या भावापेक्षाही खाली असते, तेव्हा आम्ही त्या भावाशी झुंजूच शकत नाही.

ऑनलाइन घेतल्याचा राग येत नाही. राग येतो तो बाहेरून घेतलेले रीळ आणून, ‘जरा दोरी भरून द्या की’, असे म्हणून पैसे विचारलेच नाहीत की. गेल्या वर्षापासून आम्ही दोरी भरण्याचे 100 रुपये आणि रीळ उघडून मीठ काढून ग्रीस करण्याचे 300 रुपये अशी पाटीच लावली. दोन-चार ओळखीचे रुसले, पण त्यांची रिळे पुन्हा आलीच, कारण खाऱ्या पाण्यावरून आल्यावर रीळ गोड्या पाण्याने धुण्याचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. तुम्ही त्या दुकानदाराला फोनवरची किंमत सरळ दाखवा. आम्हाला ती माहीत असतेच. लपवल्याने दोघांनाही अवघडल्यासारखे होते.

भाट्येकाठ, रत्नागिरी

सर्वांचे आभार. काल दुकानात जाऊन किंमत दाखवली. त्यांनी 3,100 रुपये सांगितले, ब्रेडेड दोरी त्यांच्याकडूनच घेतल्यामुळे खाली तंगूस देऊन भरून दिली आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. पावती मात्र मागावी लागली. साडेतीनशे रुपये जास्त गेले, ते मला त्या अर्ध्या तासाच्या मानाने रास्त वाटले. रॉड त्यांच्याकडे नऊ फुटीच होता, म्हणून दहा फुटी त्यांना सांगूनच ऑनलाइन मागवला. आज तो आला. कापूस कोठेही अडकला नाही. संध्याकाळी रीळ बसवून घ्यायला नेला तेव्हा त्यांनी किंमत विचारली, टोकाच्या कडीतून दोरी ओवून शिसे बांधले, आणि दुकानाबाहेर रस्त्यावर उभे राहून रॉड दोनदा वाकवून पाहिला.