आई-वडिलांना परदेशी आणताना : तुमचे व्हिसाचे अनुभव

बाबा गेल्यापासून आई एकटी आहे. ‘तिला घेऊन जा ना तिकडे’ असं येता-जाता सगळे सांगतात, जणू तिला बॅगेतच भरायचंय. चार महिने नियम वाचून वही भरली, पण प्रत्यक्षात गाडी कुठे अडते ते नियमांत लिहिलेलं नसतं. म्हणून विचारतोय. ज्यांनी पालकांसाठी अर्ज केला, मिळाला, नाकारला गेला, किंवा मिळूनही पालक परत गेले, त्यांनी लिहा. साल जमलं तर सांगा, कारण नियम सारखे बदलतात. ‘चांगला वकील बघा’ एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या, तो बघितलाय.

* * *

कॅनडा, २०२३. पालकांना पीआर, म्हणजे कायमचं वास्तव्य, मिळवून द्यायची योजना आहे, पण ती सोडतीवर चालते. आम्ही २०२० साली नाव घातलं, पुढची काही वर्षं त्याच यादीतून निमंत्रणं गेली, आमचं काही आलं नाही. मग सुपर व्हिसा केला. तो १० वर्षांपर्यंतचा मिळतो आणि जुलै २०२२ पासून एका खेपेला सलग ५ वर्षं राहता येतं, आधी २ होती. मुलगा-मुलगी किंवा नातवंड तिथलं नागरिक वा पीआर हवं, उत्पन्न घरातल्या माणसांच्या संख्येनुसार ठरलेल्या आकड्याच्या वर हवं, पालकांचं मेडिकल करावं लागतं. इथपर्यंत सगळं सुरळीत झालं.

अडलं विम्यात. किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचं कव्हर, किमान एका वर्षाचं. विकत घ्यायला दहा मिनिटं पुरतात. पण आधीपासूनचा आजार धरायचा तर तो अमुक दिवस ‘स्थिर’ असावा लागतो, आमच्या पॉलिसीत १८० दिवस. निघायच्या दोन महिने आधी डॉक्टरांनी बाबांची रक्तदाबाची गोळी अर्धीची एक केली. बाबा खुशीत, “आता बीपी एकदम छान येतंय.” एजंट म्हणाला, डोस बदलला म्हणजे आजार अस्थिर. गोळी लागू पडली आणि विमा उडाला! तिकिटं चार महिने पुढे ढकलली. त्या चार महिन्यांत बाबांना डॉक्टरकडे जाऊ द्यायचीही भीती वाटायची, हे आता लिहिताना हसू येतंय.

* * *

यूएई : वडिलांचा रेसिडेन्सी व्हिसा माझ्या पगारावर, एका वर्षाचा, दर वर्षी नव्याने. तीन वेळा विनासायास झाला. धास्ती एकच, माझी नोकरी गेली की माझ्यासोबत त्यांचंही चंबूगबाळं.

* * *

अमेरिका. आधी एक गैरसमज दूर करतो, कारण मलाही तो होता. ग्रीन कार्डावर असताना आई-वडिलांसाठी अर्ज करता येत नाही, नागरिक व्हावं लागतं, वय २१ पूर्ण हवं. मात्र एकदा नागरिक झालात की पालकांना वार्षिक कोटा लागू नाही, भावंडांसारखी दशकं जात नाहीत.

आय-१३०, म्हणजे नातेवाइकासाठीचा अर्ज, भरायला बसलो तेव्हा जन्मदाखला काढून पाहिला. त्यावर माझं नावच नाही! ‘पुरुष अपत्य’ एवढंच. आईचं नाव लग्नानंतरचं, तेही एका अक्षराने चुकलेलं. नव्याने नाव लावून घेतलं, शाळा सोडल्याचा दाखला जोडला, मामा आणि आत्याची प्रतिज्ञापत्रं केली. अमेरिकेतल्या कागदांपेक्षा जास्त वेळ यात गेला. कुणी दोन वर्षांनी अर्ज करणार असेल तरी हा दाखला आजच काढून बघा.

आई-बाबा २०१४ साली आले. आई रमली, बाबा नाही. मग दर वर्षी थोडे महिने येऊन कार्ड टिकवायचा खेळ सुरू झाला. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की विमानतळावर चौकशी होते. वर्षाच्या वर राहायचं तर री-एन्ट्री परमिट लागतं आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. ‘कार्ड इथे राहण्यासाठी असतं, भेटीसाठी नाही,’ हे तिसऱ्या वर्षी एका अधिकाऱ्याने बाबांना अगदी शांतपणे सांगितलं. शेवटी दोघांनी आय-४०७ भरून कार्डं परत केली आणि साधा बी-२, म्हणजे भेटीचा व्हिसा, घेतला. नातेवाइकांनी मला वेड्यात काढलं. पण शिक्का सहा महिन्यांचा मिळतो, बाबा चारच राहतात आणि जाताना रुसलेले नसतात.

* * *

यूके. थोडक्यात सांगते, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. जुलै २०१२ पासून प्रौढ अवलंबित नातेवाइकाच्या वाटेने यायचं तर पालकाला अंघोळ, कपडे, स्वयंपाक अशा रोजच्या गोष्टींसाठी दीर्घकाळ दुसऱ्याची मदत लागत असली पाहिजे, आणि ती मदत मायदेशी पैसे मोजूनही मिळत नाही किंवा परवडत नाही हे सिद्ध करावं लागतं. आम्ही केलं, नकार आला. मी पैसे पाठवते ना, मग तिथेच माणूस ठेवा, असा एकूण सूर. आई धडधाकट आहे हा तिचा गुन्हा. व्हिजिटर व्हिसा मिळतो, २, ५, १० वर्षांचाही, पण प्रत्येक मुक्काम जास्तीत जास्त सहा महिने, आणि लागोपाठ येऊन इथेच संसार मांडलाय असं दिसता कामा नये.

* * *

मी मुलगी नाही, आई आहे, वय ७१. चालत असेल तर लिहिते.

मला तीन मुलं. एक ऑस्ट्रेलियात, एक अमेरिकेत, एक मायदेशी. ऑस्ट्रेलियाच्या कायमच्या पालक व्हिसाला एक गणित आहे : किमान निम्मी मुलं तिथे हवीत, नाहीतर इतर कुठल्याही एका देशापेक्षा तिथे जास्त हवीत. माझी एक-एक-एक. नापास. गणित जमलं असतं तरी स्वस्तातल्या व्हिसाला तीस-तीस वर्षांची रांग, म्हणजे मी शंभरीला पोचल्यावर. पैसे भरायच्या व्हिसाला माणशी चाळीस हजार डॉलरच्या वर, आणि रांग तिथेही मोठीच.

मला मिळाला तो ८७० नंबरचा. त्याला मुलांचं गणित लागत नाही. आधी मुलाला प्रायोजक म्हणून मंजुरी, मग माझा अर्ज. तीन किंवा पाच वर्षांचा मिळतो, सगळा मिळून दहा वर्षांच्या वर नाही. काम करता येत नाही. सकाळी सहापासून नातवाच्या मागे धावते, ते कामात धरत नाहीत बहुतेक. नोव्हेंबरात हयातीचा दाखला फोनवरच केला. ते ॲप डोळे मिचकवायला सांगतं, मी मिचकवले, ते म्हणालं पुन्हा. तीन वेळा मिचकावून जिवंत ठरले.

एक सांगू का? व्हिसा कुठला हे मुलांनी ठरवलं. राहायचं किती, हे मला तिकीट काढल्यावर विचारलं.

* * *

जर्मनी, काम चालू आहे. १ मार्च २०२४ किंवा त्यानंतर ज्यांना कुशल कामगार म्हणून पहिल्यांदा रेसिडेन्स परमिट मिळालं, त्यांना आई-वडील आणता येतात. माझं २०२३ चं, म्हणून हुकलं. पण नवऱ्याचं २०२४ च्या जूनचं आहे, आणि जोडीदार इथेच राहत असेल तर त्याचे आई-वडीलही चालतात. म्हणजे माझे आई-बाबा माझे म्हणून नाही, जावयाचे सासू-सासरे म्हणून अर्ज करणार. बाबांना हे अजून पचलेलं नाही. घोडं अडलंय आरोग्य विम्यावर. सरकारी विमा मिळेना, आणि साठीपुढच्यांना खाजगी विम्याचा हप्ता ऐकून आम्ही दोघं गप्प बसलो.

* * *

धागा काढणारा मी. सगळ्यांचे आभार. मी कुठे आहे तेच लिहायचं राहिलं, कॅनडात. सुपर व्हिसावाल्यांना एक विचारायचंय : आईची थायरॉइडची गोळी गेल्याच महिन्यात ५० ची ७५ केली. हेही धरतात का?

* * *

कॅनडावाला. आमच्या पॉलिसीत धरलं असतं. दिवस पॉलिसीगणिक बदलतात, ९० वालीही असते. एजंटकडून लेखी घ्या, फोनवरचं ‘चालेल हो’ नको. आणि काकूंना यायचंय का, ते विचारलंत?

* * *

आज रात्री फोन करतोय.