पन्नासाव्या वाढदिवसासाठी आडवाटेचे ठिकाण निवडण्यास मदत हवी आहे

येत्या जून महिन्यात माझ्या पत्नीला ५० वर्षे पूर्ण होत असून, मोठ्या समारंभाऐवजी जिथे फारसे कोणी जात नाही अशा ठिकाणी आम्ही दोघांनी आठ-दहा दिवस निवांत राहावे, अशी तिची मनापासून इच्छा आहे. माझ्यासमोर सध्या दोन पर्याय आहेत. पहिला आर्क्टिक महासागरातील नॉर्वेच्या स्वालबार्ड या द्वीपसमूहाचा. तेथील लाँगइयरब्येन हे गाव ७८ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्ट या काळात सूर्य मावळतच नाही, आणि तिच्या वाढदिवसाला रात्रच होणार नाही, ही कल्पना मला फार भावते. मात्र ध्रुवीय अस्वलांमुळे वस्तीबाहेर सशस्त्र वाटाड्याशिवाय जाणे धोक्याचे असते, त्यामुळे तिला प्रिय असलेली मनसोक्त पायी भटकंती तेथे जमणार नाही. दुसरा पर्याय अटलांटिक महासागरातील अझोर्सचा. या ९ ज्वालामुखीय बेटांवर पायवाटा भरपूर आहेत आणि भोवतालच्या समुद्रात देवमासे दिसतात. माझा कल याच बाजूला आहे.

येथे कोणी प्रत्यक्ष राहून आले असल्यास, एकाच बेटावर मुक्काम करावा की दोन-तीन बेटे पाहावीत, आणि हवामान बिघडून बेटांमधील विमाने वा बोटी रद्द झाल्यास हाताशी किती जादा दिवस असावेत, हे कृपया सांगावे.